वाचकांचे प्रश्न : भरतपूरच्या उथळ पाण्यात

प्रश्न : जानेवारीत अंदमानला जातोय. नील बेटावरच्या भरतपूर किनाऱ्यासाठी एक दुपार राखून ठेवली आहे. मला आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला जेमतेम पोहता येतं. आम्हाला स्नॉर्केलिंग (मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघणं) जमेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जमेल, पण वेळ तुम्ही नाही, भरतीने ठरवायची. नील बेटाच्या (२०१८ पासून अधिकृत नाव शहीद द्वीप) या किनाऱ्यासमोर प्रवाळांचा उथळ पट्टा आहे. लाटांचा जोर त्यावरच मोडतो, म्हणून अलीकडचं पाणी शांत असतं. पण ओहोटीला हेच पाणी इतकं उतरतं की प्रवाळ उघडे पडतात. अशा वेळी उतरलात तर गुडघे खरचटतात आणि तोल सावरायला पाय प्रवाळावरच पडतो. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे; एका पावलाखाली मोडलेली फांदी भरून यायला वर्षं लागतात.

म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी उतरा आणि पूर्ण भरती झाल्यावर तासाभरात बाहेर या. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ) तिथे लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आदल्या दिवशीची वेळ चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडावेत. तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी. शिवाय जानेवारीत तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे ‘चारला जाऊ’ म्हणाल तर पाण्याखाली उजेडच उरणार नाही.

दोघींनीही लाइफ जॅकेट घाला, मुलीच्या जॅकेटचा मांड्यांमधला पट्टा नक्की लावा. तो सुटा राहिला तर जॅकेट वर सरकून हनुवटीशी येतं. आधी कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर उभं राहून, फक्त तोंड बुडवून पाच मिनिटं श्वास घ्या. श्वास सावकाश आणि सोडताना पूर्ण हवा; घाईघाईने अर्धे श्वास घेतले की नळीतली वापरलेली हवाच परत आत जाते आणि जीव घाबरा होतो. मगरीच्या इशाऱ्याची पाटी दिसली तर तिथे पाण्यात पाऊल टाकू नका. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

प्रश्न : मालवणला मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं, काचही धुरकट होत होती. पट्टा कितीही आवळला तरी उपयोग झाला नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आवळल्यामुळेच पाणी शिरलं असण्याची शक्यता जास्त. पट्टा फार ताणला की सिलिकॉनची कड दुमडते आणि फट पडते. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच हवा आत ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. कडेखाली केस किंवा टोपीची कड नको. मिशी असेल तर नाकाखालून थोडं पाणी येतंच. तिथे व्हॅसलीनचा पातळ थर द्या, किंवा मिशीची वरची कड बारीक करा. चष्म्याच्या काड्यांनीही फट राहते, म्हणून चष्मा लावणाऱ्यांनी नंबरचा मास्क शोधावा.

काच धुरकट होते ती उबदार श्वासाच्या बाष्पामुळे. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून चोळा, एकदाच विसळा, पुसू नका. मास्क नवा असेल तर काचेवर कारखान्यातला थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढावा लागतो.

प्रश्न : किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे मेलेले तुकडे आणता येतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे आणि ‘मेलेला’ तुकडाही त्यात येतो. विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे काढून घेतात. शंखही राहू द्या; रिकामा दिसणारा शंख संन्यासी खेकड्याचं घर असतो.