किलोमीटर सोडा, चढ मोजा

प्रश्न : वय ३४, बँकेत नोकरी. रोज पहाटे नकाणे रस्त्यावर पळतो, अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत होते. इंग्लंडमधला मावसभाऊ म्हणतो, येत्या जूनमध्ये तिथली ‘बॉब ग्रॅहम राउंड’ करून टाक : २४ तासांत ४२ डोंगर. म्हणून आठवड्याला ८० किलोमीटर पळायला लागलो, तर उजवा गुडघा दुखू लागला. सुट्टी फक्त रविवारी. अजून किती वाढवू?
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : भाऊ, वाढवू नका. आधी ते ८० किलोमीटर थांबवा आणि गुडघा अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. सपाट डांबरावरची मेहनत या कामाला थोडीच उपयोगी पडते.

केझिक गावातल्या बॉब ग्रॅहम यांनी १९३२ च्या जूनमध्ये हा फेरा २३ तास ३९ मिनिटांत पूर्ण केला, तोही टेनिसचे बूट घालून. पण त्याआधी त्यांनी ते डोंगर पायाखाली घातले होते. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, ते तुम्हाला दिसलं. चढ मात्र सुमारे ८,२०० मीटर आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा थोडाच कमी. एखादी टेकडी १५० मीटरची धरली, तर ती ५५ वेळा चढायची आणि तितक्याच वेळा उतरायची. म्हणून वहीत किलोमीटरऐवजी दोनच रकाने ठेवा : आठवड्याचा चढ आणि पायांवर घालवलेले तास.

तुम्हाला लळिंगचा किल्ला जवळ आहे. गुडघा बरा झाला की मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे तासभर चढ-उतार, रविवारी तीन तास. सुरुवातीला आठवड्याला ५००-६०० मीटर चढ पुरे. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचं. फेब्रुवारीपर्यंत २,००० मीटर आणि एप्रिलपासून सहा आठवडे २,५०० ते ३,००० मीटर झाले, तर मी तुम्हाला तयार म्हणेन. महिन्यातून एकदा रजा टाकून शनिवार-रविवार सलग डोंगरावर घालवा. दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी निघणं, खरा सराव तो. शेवटचे तीन आठवडे हलके.

आता उताराचं. तरुणपणी मी तोरणमाळचा सातपायरी घाट पायी चढायचो आणि खाली जीपने यायचो. छाती तयार झाली, दम वाढला. मग एका डोंगरी स्पर्धेत पहिल्याच लांब उतारावर मांड्या थरथरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी घराच्या तीन पायऱ्या भिंत धरून, उलट्या तोंडाने उतरलो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात. दुखावून भरून आले की पुढच्या वेळी तेच जास्त सोसतात. तेव्हा उतार चुकवू नका. लळिंगच्या मुरमाड वाटेवर लहान पावलं टाका, गुडघा किंचित वाकलेला, नजर दोन-तीन पावलं पुढे.

आणि चढावर पळू नका, भरभर चाला. बॉब ग्रॅहमच्या फेऱ्यातही बहुतेक जण चढ चालतच जातात.

खाण्याचाही सराव लागतो. रविवारी दर पाऊण तासाला चालता चालता अर्धं केळं किंवा कळण्याच्या भाकरीचा तुकडा पोटात गेला पाहिजे. दहाव्या तासाला पोट नको म्हणतं, त्याला आधीच सवय हवी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सकाळी आठपर्यंत खाली या. तिकडे उलट धुकं, गार वारा, ओले दगड. त्याची सवय पावसाळ्यातल्या तोरणमाळवर होईल. नकाशा आणि होकायंत्रही तिथेच शिका.

येत्या जूनचं म्हणाल, तर माझं मन तयार होत नाही. फेऱ्याचे पाच टप्पे आहेत. फेरा पूर्ण करणाऱ्यांच्या ‘बॉब ग्रॅहम क्लब’मध्ये नोंद व्हायची तर प्रत्येक शिखरावर सोबती साक्षीला लागतो. येत्या जूनमध्ये मावसभावाला सांगून कुणाचे तरी सोबती म्हणून एक टप्पा करा. स्वतःचा फेरा त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर लळिंगचा एक चढ घड्याळावर किती मीटर भरतो, ते मोजून मला कळवा. त्यावरून तुमचा नोव्हेंबर आखून देतो.