‘फोटो खोटाच आहे ना, मग बोभाटा कशाला?’

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी १५ वर्षांची. मंडळाच्या गणपतीतला तिचा नऊवारीतला फोटो उचलून वर्गातल्या कुणीतरी एआयने नग्न फोटो बनवला आणि तो मुलांच्या ग्रुपमध्ये फिरतोय. नाकातली नथसुद्धा तशीच आहे, ती बघून पोटात गोळा आला. हे म्हणतात, फोटो खोटा आहे, आपलं ग्रीन कार्ड लटकलंय, पोलिसांची भानगड नको. मुलगी खोलीबाहेर येत नाही.

उत्तर : आधी तिच्या खोलीत जाऊन बसा. ‘फोटो टाकलाच कशाला’ हा प्रश्न आज नको, उद्याही नको.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. फोटो खोटा आहे, ही पूर्वी खरोखरच पळवाट होती, कारण बरेचसे जुने कायदे खऱ्या फोटोंपुरतेच लिहिलेले होते. व्हर्जिनियाने २०१९मध्ये ती बुजवायला सुरुवात केली. तुमच्या राज्यात तर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टफील्डच्या हायस्कूलमधल्या मुलींवर हाच प्रसंग आला. त्या मुली आणि त्यांचे पालक गप्प बसले नाहीत, म्हणून एप्रिल २०२५मध्ये न्यू जर्सीचा कायदा झाला. असा फोटो बनवणं आणि पसरवणं दोन्हींसाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ३०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीन आरोपीचं प्रकरण सहसा बालन्यायालयात चालतं, पण चालतं. १९ मे २०२५ला ‘टेक इट डाउन’ हा केंद्रीय कायदाही आला. त्यानुसार तक्रार आल्यावर ४८ तासांत फोटो हटवायचं बंधन सोशल मीडिया कंपन्यांवर आहे. त्याची सोय उभारायला त्यांना वर्षाची मुदत दिली होती.

ग्रीन कार्डचं म्हणाल तर गुन्हा तुमच्या मुलीवर झालाय, तिने केलेला नाही. तक्रार देणाऱ्याच्या अर्जाला त्याने डाग लागत नाही.

शाळेत नुसतं तोंडी सांगून येऊ नका. मुख्याध्यापकांना आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या टायटल नाइन कोऑर्डिनेटरला (लैंगिक भेदभाव आणि छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. कुणी पाठवला, कुठल्या अकाउंटवरून, किती वाजता, हे सगळं लिहून ठेवा. फोटो मात्र कुणालाही पुढे पाठवायचा नाही, अगदी पुरावा म्हणूनही नाही. अल्पवयीन मुलीचा असा फोटो पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. पुण्यातल्या वकील मावशीला विचारायचंय? शब्दांत विचारा.

वर सांगितलेल्या केंद्रीय कायद्याच्याच, म्हणजे ‘टेक इट डाउन’ नावाची, पण त्याआधीपासूनची एक मोफत सेवा आहे. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीचं अमेरिकेतलं राष्ट्रीय केंद्र ती चालवतं. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या तो आपल्याकडे जुळवून बघतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे जिथले संदेश कंपनीलाही दिसत नाहीत तिथे, तिचा उपयोग होत नाही. अठरा वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही अशीच सेवा आहे.

हे वाचणाऱ्या मुलांच्या आयांनाही सांगते : ‘आमच्याने नुसता फॉरवर्ड केला’ म्हणून सुटका नाही. इथे आपला तो बाब्या चालत नाही. शाळेतून फोन आला तर घाबरून त्याचा मोबाइल पुसू नका, त्याने प्रकरण चिघळतं. त्याला कुठलाही जबाब देऊ देण्याआधी इमिग्रेशनही जाणणारा वकील गाठा.

आणि मंडळाला सांगून तो अल्बम सभासदांपुरता करून घ्या. पुढच्या गणपतीत नऊवारी नेसायची की नाही, ते मात्र तिला ठरवू द्या.