इंजिन बदलण्याआधी चासीचा पीळ मोज

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

परवा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तू स्वतः बनवत असलेल्या गाडीची फ्रेम, म्हणजे चासी, गाडीचा लोखंडी सांगाडा बघितला. वेल्डिंग नेटकं आहे, मापं काटकोनात आहेत, बरं वाटलं. ओम्नीचं इंजिन काढून जिप्सीचं १३०० सीसी बसवायचं म्हणालास आणि विचारलंस, "काका, ही चासी किती हॉर्सपॉवर झेलेल?" त्या गोंगाटात उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितोय.

१९५७ साली लोटस सेव्हन ही हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली तेव्हा तिच्यात फोर्डचं ११७२ सीसी, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. त्याच घराण्यातली कॅटरहॅम ६२०आर ३१० हॉर्सपॉवरची आहे. लांबून दोन्हींची ठेवण एकच दिसते. फरक असतो तो सांधे, ब्रॅकेट, ब्रेक आणि टायरमध्ये. म्हणून नुसत्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर तुझ्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही.

आता तुझ्या गाडीचा हिशेब. जिप्सीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १०३ न्यूटन-मीटर. पहिला गिअर साडेतीन पट धरला, तर गिअरबॉक्समधून ३६० बाहेर येतात. इंजिन गाडीच्या लांबीत बसतं, त्यामुळे तेवढाच पीळ माउंटिंगमधून फ्रेमला बसतो. आता खड्ड्याचं बघ. पुढच्या ॲक्सलवर ३०० किलो आहेत, चाकांमधलं अंतर १२० सेंटीमीटर. एक चाक हवेत राहून सगळं वजन दुसऱ्यावर आलं, की फ्रेमला जवळपास १७६० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. इंजिनाच्या पाचपट! आणि हे गाडी सावकाश असताना. वेगात तोच खड्डा किती मारेल याचा अंदाज तूच कर. मोठं इंजिन चासीला त्रास देतं ते मुख्यतः असं, वेगाच्या वाटेने.

म्हणून पीळ मोज. शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी लोखंडी दांडे लाव. मागची बाजू जमिनीला पक्की आवळ, पुढची बाजू मधोमध एका टेकूवर ठेव. पुढे आडवा बीम बांध आणि मध्यापासून दोन मीटरवर ५० किलो टांग. झाला जवळपास हजार न्यूटन-मीटरचा पीळ. दोन्ही पुढच्या चाकांच्या जागी डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, लाव. दोन्हींच्या वाचनातला फरक २१ मिलिमीटर आला, तर फ्रेम एक अंश पिळली. वजन काढल्यावर काटे शून्यावर परत येतात का, ते मात्र डोळ्यात तेल घालून बघ. नाही आले तर कुठेतरी लोखंड कायमचं वाकलंय किंवा सांधा सरकलाय. मग इंजिनाचा विषय तिथेच थांबव.

ताठ फ्रेम म्हणजे मजबूत फ्रेम, असं मात्र धरू नकोस. माझ्या पहिल्या गाडीत मी घाईने मोठं इंजिन बसवलं होतं. काही महिन्यांनी मागच्या सस्पेन्शन आर्मच्या (चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटजवळ रंगावर गंजाची केसाएवढी रेघ दिसली. बोटाने पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटली. वेल्डिंगचा टाका शाबूत होता, पण टाक्याच्या कडेला पाईप चिरला होता. पाच मिलिमीटरची पट्टी मी दीड मिलिमीटरच्या पाईपच्या एकाच भिंतीवर डकवली होती. तुझ्या फ्रेमवर मागे डावीकडे तेच केलंयस. पट्टी पाईपभोवती वळवून बाजूच्या दोन भिंतींवर घे.

रुंद टायरचा मोह सध्या आवर. अरुंद टायर घसरतो, तेव्हा जादा ओढ तिथेच संपते. पकड वाढली की तीच ओढ ब्रॅकेटवर येते. ब्रेक मात्र इंजिनाआधी बदल. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ब्रेक मारताना पुढच्या ब्रॅकेटवर येणारा भार इंजिनाच्या ओढीपेक्षा जास्त असतो.

आरटीओची परवानगी मिळेपर्यंत गाडी होटगी रोडवर काढायची नाही, आवारातच चालवायची. हे मी तुझ्या आईलाही सांगितलंय.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये. दोन डायल गेज माझ्याकडे आहेत. वजनासाठी वाळूची पोती तू आण, प्रत्येक पोतं काट्यावर तोलून.

तुझा,
काका