दोन कयाक, एक बोर्ड आणि चार लाखांची एफडी

प्रश्न : आम्ही पुण्यात वाकडला राहतो. मी ३९, मिस्टर ४२, मुलगी सातवीत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,६५,०००. गृहकर्जाचा हप्ता ४८,०००, अजून ११ वर्षं आहेत, शिल्लक मुद्दल ४१ लाखांच्या आसपास. एसआयपी २५,०००. घरखर्च, शाळा सगळं धरून ८०,०००. अडीअडचणीला ४ लाखांची एफडी. विमा फक्त मिस्टरांच्या कंपनीचा : २० लाखांचं टर्म कव्हर, ५ लाखांचा मेडिक्लेम. सप्टेंबरमध्ये त्यांचा बोनस येतो, हातात साधारण १,४०,०००. गेल्या दिवाळीत तारकर्लीला कर्ली नदीत कयाक चालवली आणि आम्हा तिघांना वेडच लागलं. मग पवना धरणाकाठच्या एका कॅम्पवर दोन-चारदा गेलो. तिथे दोघांची कयाक तासाला ५०० आणि पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) ६०० रुपये. मिस्टर कॉलेजात सीओईपीच्या बोट क्लबवर होते, त्यांना स्वतःच्या दोन कयाक हव्यात. कोटेशन १,९२,०००चं आहे. मला पॅडलबोर्ड आवडतो, हवा भरायचा बोर्ड ३८,०००ला मिळतोय. एफडी मोडावी, की १६,०००च्या १२ हप्त्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा? की सहा महिने एसआयपी थांबवावी? मिस्टर म्हणतात, शनिवार-रविवार भाड्याने देऊन पैसे वसूल करू. सासरे म्हणतात, ही उधळपट्टी आहे. ता. क. : मला पोहता येत नाही.

उत्तर :

ताई, तुमच्या ता. क. पासूनच सुरुवात करतो. या छंदाचा पहिला खर्च तिथे आहे आणि तो कोटेशनमध्ये कुठेच नाही. तुमचं पत्र जूनमध्ये आलं आहे. किनाऱ्यावरच्या जलक्रीडा आता ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात. मावळातली धरणं जुलै-ऑगस्टमध्ये भरत आली की विसर्ग सुरू होतो, त्या पाण्यात हौशी माणसाचं काही काम नाही. आज कयाक घेतलीत तर ती ऑक्टोबरपर्यंत पार्किंगमध्ये वॉरंटी संपवत पडून राहणार. तेव्हा हे चार महिने जवळच्या तलावात शिकवणी लावा, मुलीलाही सोबत न्या. लाइफ जॅकेट आहे म्हणून पोहणं नको, असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून बोर्ड घेऊ नका.

आता सासऱ्यांचा मुद्दा. १,९२,००० रुपये दहा टक्क्यांनी १५ वर्षं वाढले तर आठ लाखांच्या वर जातात. हे आकडे मांडून मी तुम्हाला घाबरवू शकतो, पण त्या न्यायाने माणसाने लग्नाचा वाढदिवसही साजरा करू नये. दरमहा २५,०००ची एसआयपी न चुकता भरणाऱ्या घराने वर्षाला चाळीस-पन्नास हजारांची हौस केली तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. सासऱ्यांना तसं माझ्या नावावर खुशाल सांगा. त्यांचं एक मात्र बरोबर आहे : १,९२,००० हा आकडा हौसेच्या मापाचा नाही. तुमच्या हातात सगळं भागून महिन्याला १२,००० उरतात, म्हणजे हा सोळा महिन्यांच्या शिलकीचा खर्च झाला.

कोटेशनमध्ये तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे दोन कयाकचे १,२४,०००, वल्ह्यांचे १४,०००, तीन जॅकेटचे १२,०००, गाडीच्या टपावरच्या कॅरिअरचे २८,००० आणि वाहतुकीचे १४,००० आहेत. पाच वर्षांनी हे सामान ५०,०००ला गेलं असं धरू. म्हणजे पाच वर्षांत १,४२,००० खर्ची पडले. तुम्ही पवनेला दोन तास दोन कयाक घेता तेव्हा २,००० रुपये देता. १,४२,०००ला २,०००ने भागा : ७१ सकाळी. वर्षाला चौदा सकाळी पाण्यावर गेलात तर विकत घेणं आणि भाड्याने घेणं सारखंच पडतं. त्याहून कमी गेलात तर भाडं स्वस्त.

चौदा म्हणजे फार नाहीत, असं तुमचे मिस्टर म्हणतील. मग कॅलेंडर घेऊन बसा. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत चौतीस-पस्तीस शनिवार-रविवारच्या जोड्या येतात. त्यातून दिवाळी काढा, लग्नसराई काढा, मुलीच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या आधीचे आठवडे काढा, कुणीतरी आजारी असलेले दोन काढा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर पाण्यावर ऊन सोसत नाही, म्हणजे वाकडहून पहाटे पाचला निघायचं. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये ट्रेकिंग, सायकल, कॅमेरा यांचे असे हिशेब मी पाहतो. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा असतो. तिसऱ्या वर्षी सायकलवर टॉवेल वाळत असतात. तुमचं तसंच होईल असं नाही. पण त्याची परीक्षा भाड्याच्या बोटीवरही देता येते आणि तिथे नापास झालं तर नुकसान दोन हजारांचं.

शिवाय पक्क्या कयाकचा एक खर्च रुपयांत बसत नाही. प्लॅस्टिकची साधी हौशी कयाक पंचवीस किलोच्या आसपास भरते. ती दोघांनी उचलून टपावर चढवायची, पट्टे आवळायचे, सोमाटणे फाट्यापर्यंत जाऊन पुन्हा एकदा पट्टे तपासायचे, आणि दोन तास वल्हवून हात भरून आल्यावर हेच सगळं उलट करायचं. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं, दोन कयाक चढवण्याआधी ते पान उघडा. नंतर बारा महिने तीन-साडेतीन मीटरचं हे धूड ठेवायचं कुठे? उन्हात ठेवलं की प्लॅस्टिक फिकं आणि ठिसूळ होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकवायचं तर सेक्रेटरींची परवानगी लागणार, आणि ती १,९२,०००पेक्षा अवघड असू शकते.

मिस्टरांची बाजूही मांडतो, कारण ती चुकीची नाही. ज्याने कॉलेजच्या रेगाटाच्या, म्हणजे नौकानयन महोत्सवाच्या, सरावात होडी पळवली आहे त्याला बोर्डाचा वेग बैलगाडीचा वाटणार. वारा सुटला की बोर्डावर उभा माणूस शिडासारखा वागतो आणि जायचंय तिकडे सोडून भलतीकडे सरकतो. कयाकमध्ये बसलेला माणूस खाली असतो, त्याला वाऱ्याशी झगडणं सोपं जातं. पण एकच कयाक सगळीकडे चालत नाही. पवनेच्या संथ पाण्यात मजेत जाणारी लांब बोट घेऊन कोलाडला कुंडलिकेत उतरता येत नाही. तिथे भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्याला धार असते, त्या पाण्याच्या बोटी आखूड, वेगळ्या घडणीच्या. भाड्याने घेणाऱ्याला दोन्हीकडचा अनुभव मिळतो, मालकाला आपल्या बोटीला मानवणारंच पाणी शोधावं लागतं.

भाड्याने देऊन पैसे वसूल करायची कल्पना मात्र आजच सोडून द्या. धरणाच्या पाण्यावर धंदा करायचा तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, खाडी-समुद्रावर महाराष्ट्र सागरी मंडळाची. जीवरक्षक, विमा, जॅकेटं हे सगळं आलंच. ओळखीतल्या ओळखीत देऊ म्हणाल तर ते आणखी वाईट : मित्राच्या मुलाला काही झालं तर जबाबदारी तुमची, आणि पाठीशी कागद एकही नाही. तुमच्या स्वतःच्या विम्याचाही प्रश्न आहे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत धोकादायक आणि साहसी खेळांचं एक ठरावीक कलम असतं, ‘एक्सक्ल ०९’ या खुणेने ते सापडेल. अशा खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे लागलेल्या उपचारांचा खर्च ते वगळतं. हौसेखातर वल्हवणाऱ्याला त्याची सहसा झळ नाही, पैसे घेऊन लोकांना पाण्यावर नेणाऱ्याला वादाची जागा तयार होते. कंपनीच्या गट मेडिक्लेमची पूर्ण पॉलिसी एचआरकडून मागवून हे कलम स्वतः वाचा. वैयक्तिक अपघात विमा असेल तर त्याचंही वगळणीचं पान बघा, तिथली भाषा बऱ्याचदा जास्त कडक असते.

विम्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तुमच्या पत्रात मला खटकलेली गोष्ट कयाक नाहीच. डोक्यावर ४१ लाखांचं कर्ज आणि टर्म कव्हर २० लाखांचं, तेही नोकरी असेपर्यंतच. बोनस आला की आधी मिस्टरांची स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या, एक कोटीच्या खाली नको. तुमचाही पगार हप्त्याला लागतो, तेव्हा तुमची वेगळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक टर्म आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. प्रस्ताव-अर्जात साहसी छंदाबद्दल विचारलं तर कयाक लपवू नका. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, दाव्याच्या वेळी घरच्यांना खुलासे देत बसावं लागू नये.

पैसे कुठून काढायचे हा तुमचा मूळ प्रश्न. एफडी मोडू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमच्या घराला महिन्याला १,२८,००० लागतात, म्हणजे ४ लाख ही जेमतेम तीन महिन्यांची बेगमी आहे. सहा महिन्यांची हवी. त्यातून १,९२,००० काढले तर दीड महिना उरतो. वर मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज असतं, फक्त ते किमतीत किंवा गमावलेल्या सवलतीत लपलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवलं होतं. दुकानदाराला इतकंच विचारा : ‘आत्ता रोख दिले तर किती?’ जो फरक सांगेल ते तुमचं व्याज. क्रेडिट कार्डावर असेल तर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. हे सगळं बाजूला ठेवलं तरी महिन्याला १२,००० उरणाऱ्या घराने १६,०००चा हप्ता लावून घ्यायचा म्हणजे चार हजारांचा खड्डा पहिल्याच महिन्यापासून. एसआयपी थांबवायला मिस्टर त्यासाठीच सुचवत असावेत. नको. सहा महिन्यांसाठी थांबवलेली एसआयपी सातव्या महिन्यात आपोआप सुरू होताना मी फारशी पाहिलेली नाही.

तर मी असं करीन. बोनसच्या १,४०,०००मधून ४६,००० बाजूला, छंदाच्या नावाने छोट्या एफडीत किंवा लिक्विड फंडात (पैसे चटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात). उरलेल्या ९४,०००मधून टर्मचे हप्ते, आणि जे राहील ते अडीअडचणीच्या ४ लाखांत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कयाक आणि बोर्ड भाड्यानेच घ्या, तो खर्च महिन्याच्या शिलकीतून आरामात निघेल. फ्रिजवर कागद लावून गेलेल्या सकाळी लिहीत जा. फेब्रुवारीअखेर सात झाल्या असतील तर बोर्ड घ्या. ३८,००० बोर्डाचे, ८,००० दोन चांगल्या जॅकेटचे, म्हणून ४६,००० म्हटलं. बोर्ड तीन वर्षांनी १२,०००ला विकला असं धरलं तर ४६,०००पैकी ३४,००० खर्च. दोन तासांचं भाडं १,२००, म्हणजे अठ्ठावीस सकाळींत वसूल, वर्षाला नऊ-दहा. तुमच्यासाठी हा आकडा खरा वाटतो. फ्रिजवरच्या सकाळींचा आकडा फेब्रुवारीअखेर दहाच्या वर गेला असेल तर मिस्टरांची एक कयाक, दोन नव्हे, पुन्हा चर्चेला घ्या. हवा भरायची दोघांची कयाकही मिळते, ती एकदा चालवून बघायला सांगा. नाक मुरडतील, पण सेक्रेटरींकडे जावं लागणार नाही.

बोर्ड एक आणि माणसं तीन, हे लक्षात असू द्या, उरलेल्या दोघांचं भाडं चालूच राहील. आणि स्वतःचा बोर्ड पाण्यात उतरवायला कॅम्पवाला देतो का, किती घेतो, हे घेण्याआधीच विचारा. धरणाच्या कुठल्याही काठावरून उतरायची मुभा नसते.

जॅकेटमध्ये काटकसर नको. जॅकेट माणसाला किती जोराने वर उचलून धरतं ते न्यूटनमध्ये मोजतात. पोहता येणाऱ्याने काठाजवळ वापरायचं ते ५० न्यूटनचं, त्याला उत्प्लावन साधन म्हणतात. तुम्ही शिकत आहात तोवर १०० न्यूटनचं खरं लाइफ जॅकेट घ्या, आणि मुलीचं तिच्या वजनाच्या मापाचं. पुढच्या वर्षीही होईल म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट पाण्यात कानापर्यंत वर सरकतं.

बोर्ड जुना मिळाला तर उत्तम. पहिल्या उत्साहात घेऊन दोनदा वापरलेले बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये विकायला निघतात. बघायला जाताना संध्याकाळी जा, पूर्ण हवा भरायला लावा. साधारण १५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हातपंपाने भरताना शेवटचे तीन-चार पीएसआय घाम काढतात, विकणारा तिथे थांबून ‘एवढं पुरे’ म्हणेल, त्याला पुढे भरू द्या. कडेच्या शिवणीवर आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. फिनची, म्हणजे बोर्डाखालच्या कल्ल्याची, खाच तडकलेली नको. गुंडाळी उलगडल्यावर बुरशीचा वास आला तर ओलाच ठेवलेला आहे, किंमत पाडून मागा. आणि शक्य असेल तर रात्रभर भरलेला ठेवायला सांगून सकाळी दाबाचा काटा पुन्हा बघा. पैसे तेव्हाच द्या.