रांगेत तापते, घाटात नाही

प्रश्न : माझी दहा वर्षांची पेट्रोल कार आहे. संध्याकाळी घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून रांगेत अडकले की टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. गाडी उभी असली की एसीतूनही कोमट हवा येते, पळायला लागली की पुन्हा गार. मध्यंतरी नाशिकला गेलो, कसारा घाट चढलो, तेव्हा मात्र काटा जागचा हलला नाही. गॅरेजवाले म्हणतात हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल. खर्च मोठा सांगितलाय. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, एवढ्यावर हेड खोलायला देऊ नका. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचा सांधा घट्ट बंद ठेवणारा पातळ थर. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे.

घाट चढताना इंजिनावर सगळ्यात जास्त ताण येतो. गॅस्केट फुटलं असतं, वॉटर पंप गेला असता किंवा रेडिएटर आतून चोंदला असता, तर काट्याने कसाऱ्यालाच डोकं वर काढलं असतं. तिथे गाडी गार राहिली, कारण समोरून वारा लागत होता. घोडबंदरला तो वारा नाही. तिथे रेडिएटरमागचा इलेक्ट्रिक फॅन हेच काम करतो, आणि तुमचा फॅन एक तर फिरत नाही किंवा अर्धवट फिरतो. एसीची खूण तर फार मोलाची आहे. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो आणि त्यालाही वारा लागतो तो याच फॅनचा. उभ्या गाडीत दोन्ही एकदमच बिघडतात, याचा अर्थ दोघांचा दुवा तपासायचा. तो दुवा म्हणजे फॅन.

सकाळी गार इंजिनावर गाडी सुरू करा, एसी लावा आणि बोनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की फॅनही लगेच किंवा थोड्या वेळात फिरू लागतो. हात, ओढणी, केस लांब ठेवा. गरम गाडीत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होऊ शकतो.

फिरला नाही, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. आधी फ्यूज. मग रिले, म्हणजे फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये तसलाच दुसरा रिले असतो, अदलाबदल करून बघायला मिनिटभर लागतं. मग बॅटरीवरून फॅनच्या मोटरला थेट 12 व्होल्ट द्यायला सांगा. तरीही फिरली नाही तर मोटरचे कार्बन (आत वीज पोचवणारे ठोकळे) झिजलेत किंवा बेअरिंग जाम झालंय. झोकात फिरली तर मोटर चांगली आहे, दोष वायरिंगमध्ये किंवा टेंपरेचर सेन्सरमध्ये.

मोटर बदलण्याआधी तिचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, मात्र ओढून बघायला लावाच. ठाण्याच्या पावसात पाणी आत शिरतं, पितळी पिनांवर हिरवट बुरा चढतो. पकड सैल झाली की पिन तापते, भोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळतं. वरून कपलर धडधाकट दिसतो, काढला की एक पिन काळी पडलेली सापडते. किरकोळ खर्चाचं काम आहे आणि त्यापायी लोकांनी रेडिएटर बदललेले मी पाहिलेत. याचा मला खरोखर राग येतो.

फॅन फिरतोय, पण मंद? दोन वेगांच्या फॅनमध्ये एकाच वेगाची लाइन गेलेली असू शकते. फॅन जोरात असूनही गाडी तापत असेल, तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. धूळ, पाचोळा, किडे यांचा थर बसला की वारा आरपार जात नाही. तो पाइपच्या साध्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे धुवायचा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर नाजूक पट्ट्या आडव्या होतात.

गाडी आधीच अनेकदा तापली असेल, तर त्या तापण्यानेच गॅस्केट कमजोर झालेलं असू शकतं. म्हणून ती शंकाही फेडून घ्या, पण हेड न खोलता. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरायच्या तोंडाशी निळं द्रव असलेली नळी लावून एक तपासणी करतात. सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर ते निळं द्रव पिवळं होतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, किंवा कुठेही गळती नसताना कमी होणारं कूलंट, याही खुणा आहेत. यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका.

"थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील" असं कोणी सुचवेल. नको. थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलंटची झडप. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि इंजिन योग्य उष्णतेवर ठेवतो. बिघडला असेल तर नवा बसवा.

दुरुस्ती होईपर्यंत रांगेत काटा चढू लागला, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. उकडेल, पण इंजिनातली थोडी उष्णता आत ओढली जाते. काटा लाल पट्टीला टेकला तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडू नका. आत कुकरसारखा दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर ॲल्युमिनियमच्या हेडला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं त्यात नसतात. साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाण्याचं निम्मंनिम्मं मिश्रण दाबाशिवायही 106-107 अंशांपर्यंत टिकतं. वाटेत अडलात तर गार झालेल्या इंजिनात मिळेल ते पाणी भरून घर गाठा, पण त्याच आठवड्यात सगळं काढून, सिस्टीम धुऊन, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच कूलंट भरून घ्या.