प्लॅटिनमऐवजी लोखंड का नाही?

प्रश्न : हायड्रोजनवर चालणारे फ्युएल सेल त्यांतील प्लॅटिनममुळे महाग पडतात, असे वाचनात आले. त्याऐवजी लोखंडासारखा स्वस्त धातू वापरता येणार नाही का?
– विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : वापरता येतो, आणि प्रयोगशाळांत तो वापरलाही जात आहे, अडचण आहे ती तो टिकवण्याची.

फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज तयार करणारे साधन. त्यात एका बाजूला हायड्रोजनचे विघटन होते आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनचे पाणी होते. या क्रियांचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणजेच उत्प्रेरक, म्हणून प्लॅटिनम वापरतात. पहिली क्रिया सहज होते, म्हणून तिला अगदी थोडे प्लॅटिनम पुरते. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधील बंध तोडण्याची क्रिया मात्र अतिशय मंद असल्यामुळे बहुतेक प्लॅटिनम त्याच बाजूला लागते. शिवाय वाहनांमधील सेलचे पटल (दोन्ही बाजूंमधला पातळ पडदा) आम्लधर्मी असते आणि तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअस असते. अशा ठिकाणी साधे लोखंड विरघळून जाते.

यावरचा उपाय म्हणजे लोखंडाचा एकेक अणू कार्बनच्या जाळीत चार नायट्रोजन अणूंच्या पकडीत बसवणे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्येही लोखंड असेच चार नायट्रोजनांच्या मध्ये असते. १९६४ साली जासिन्स्की या संशोधकांनी कोबाल्टच्या अशाच रचनेच्या संयुगावर ऑक्सिजनची ही क्रिया घडते, हे दाखवले होते. पुढे २००९ मध्ये कॅनडातील आणि २०११ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथील संशोधकांच्या कामामुळे या उत्प्रेरकांकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

असा लोखंडी उत्प्रेरक तयार करण्याची एक रीत पाहण्यासारखी आहे. जस्त आणि नायट्रोजनयुक्त सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र स्फटिकांत लोखंडाचा क्षार अल्प प्रमाणात मिसळतात आणि ते मिश्रण निष्क्रिय वायूत सुमारे ९०० ते १,००० अंशांपर्यंत तापवतात. जस्त ९०७ अंशांना उकळत असल्यामुळे ते उडून जाते, मागे छिद्रे राहतात आणि लोखंडाचे अणू कार्बनमध्ये अडकून बसतात. लोखंड थोडे जरी जास्त झाले, तरी अणू एकत्र येऊन त्यांचे कण बनतात. हे कण उपयोगाचे नसल्यामुळे पुष्कळदा आम्लाने धुऊन काढावे लागतात.

खरी कसोटी यानंतर लागते. ऑक्सिजनचे पूर्ण पाणी न होता थोडे हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होते. सुटे झालेले लोखंड त्याच्याशी संयोग पावून अतिक्रियाशील मूलके (रेणूंचे अस्थिर तुकडे) निर्माण करते आणि ती कार्बन व पटल दोन्ही पोखरतात. त्यातच हा उत्प्रेरक प्रति घनसेंटीमीटर कमी कार्यक्षम असल्यामुळे त्याचा थर प्लॅटिनमच्या थराच्या जवळजवळ दहापट जाड द्यावा लागतो, आणि एवढ्या जाडीतून हवा आत व पाणी बाहेर नेणे कठीण होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अवजड ट्रकांच्या सेलसाठी २५,००० तासांच्या आयुष्याचे लक्ष्य ठेवले आहे. लोखंडी उत्प्रेरकांची कार्यक्षमता मात्र पुष्कळदा पहिल्या शंभर तासांतच लक्षणीय घटते.

म्हणूनच वाहनांपुरते बोलायचे, तर नजीकच्या काळात प्लॅटिनम हद्दपार होईल असे मला वाटत नाही. कोबाल्ट किंवा निकेलबरोबरच्या मिश्रधातूंमुळे त्याचे प्रमाण घटत जाईल. लोखंडाला अधिक वाव आहे तो अल्कधर्मी पटलाच्या सेलमध्ये, कारण तेथे ते सहजी विरघळत नाही. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्या पटलात कार्बोनेट तयार होऊन त्याची वाहकता कमी होते, आणि तो प्रश्न अजून सुटायचा आहे.

आपल्याला या विषयात पुढे शिकायचे असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत फ्युएल सेलच्या उत्प्रेरकांवर संशोधन चालते, हे ध्यानात ठेवावे.