उघडत नसलेली वर्ड फाइल

प्रश्न : पेनड्राइव्ह घाईत काढल्यापासून आईच्या आठवणींची ४० पानांची वर्ड फाइल उघडत नाही. मजकूर परत मिळेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आशा आहे, मात्र प्रथम फाइलची प्रत संगणकावर घ्यावी आणि पेनड्राइव्हवर नवे काहीही साठवू नये. वर्डच्या ‘ओपन’ खिडकीत ती प्रत निवडून बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ करावे. तेवढ्याने भागले नाही, तर वर्ड २००७ पासूनची डॉक्स (.docx) फाइल मुळात झिपचे गाठोडेच असल्याने, प्रतीच्या नावातील ‘डॉक्स’ हे शेपूट बदलून ‘झिप’ करावे आणि आतल्या ‘वर्ड’ फोल्डरमधील ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल नोटपॅडमध्ये उघडावी; कोनी कंसांच्या गर्दीत आईंची वाक्ये दिसली, की मजकूर हाती लागला. फाइलचा आकार शून्य दिसत असेल, तर मात्र ईमेलने कोणाला पाठवलेली जुनी प्रत आजच शोधावी.